जुन्या ट्रॅव्हलरचं मोटरहोम: आधी कागद, मग काटा, मग करवत

घरी बनवलेली मोटरहोम बहुधा दोन जागी अडकते: आरटीओच्या आवारात आणि घाटाच्या उतारावर. सुतारकाम चुकलं तर फळी बदलता येते. आरसीशी न जुळणारी किंवा चारशे किलो जास्त भरलेली गाडी मात्र पुन्हा पहिल्या पत्र्यापासून उघडावी लागते. म्हणून या लेखात पलंग आणि ओटा बराच उशिरा येतात.

उदाहरणासाठी गाडी धरली आहे १२-१३ आसनी, उंच छताची, ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) फोर्स ट्रॅव्हलर. सगळे अजूनही तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. मर्सिडीजच्या जुन्या टी-१ व्हॅनच्या आराखड्यावरची ही गाडी १९८७ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे क्लच प्लेट असो की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), कुठल्याही तालुक्याच्या गावात मेकॅनिकला ती नवी नसते. आत उभं राहता येतं आणि वायरिंग १२ व्होल्टचं असतं. जुनी स्कूल बस स्वस्तात मिळते, पण ती २४ व्होल्टची, जड आणि गल्लीत न मावणारी. ओम्नी-ईकोमध्ये झोपता येतं, राहता येत नाही.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नीट वाचा. उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. व्यवहारात याचा अर्थ असा: बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, वजन, इंधन, रंग यांपैकी कशालाही हात लागला, की प्रश्न आरटीओचा होतो. बाराच्या जागी चारच सीट ठेवल्या की आसनक्षमता बदललीच.

मार्ग दोन. पहिला, रीतसर मोटर कॅरव्हॅन. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. यात मान्यताप्राप्त बॉडी बिल्डर लागतो. आतलं काम तुम्ही केलं तरी प्रमाणपत्र त्याचं. दुसरा मार्ग सुट्या सामानाचा: मूळ सीट आणि बेल्ट जागेवर ठेवायचे, पलंग-ओटा-पाण्याच्या पेट्या बोल्टने बसणाऱ्या आणि अर्ध्या तासात काढता येणाऱ्या करायच्या, छताला-पत्र्याला भोक पाडायचं नाही. जागा कमी मिळते, पण आरसी आहे तशी राहते. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसराच मार्ग घ्यावा. कोणताही घ्या, करवत उचलण्याआधी आपल्या आरटीओला नकाशासह लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. "चालतंय हो, कोण बघतंय" हे एजंटचं उत्तर अपघातानंतरच्या विमा दाव्यात कामाला येत नाही. विमा कंपनीलाही बदल कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यायची.

सेकंड-हँड बाजारातल्या बहुतेक ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीच्या असतात. पांढरी पाटी हवी असेल तर परमिट जमा करणं, कराचा फरक भरणं आणि वर्ग बदलून घेणं आलं. हे सगळं होईपर्यंत विकणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका. वाहन पोर्टलवर चलन, फिटनेस, कराची मुदत बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. चासी नंबर कागदावरून वाचून विश्वास ठेवू नका, पेन्सिल घासून छाप घ्या.

गाडी घेताना

इंजिनाकडे सगळेच बघतात. ट्रॅव्हलर मरते ती पत्र्याने. रबर मॅट उचला, मागच्या चाकांच्या कमानी, पायरीची आतली बाजू आणि काचांच्या रबराखालची पट्टी बघा. रंग फुगलेला दिसला की तिथे स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोका. टणक आवाज आला तर वरवरचा गंज. भद्द आवाज आला तर खाली पुट्टी आहे आणि पुट्टीखाली काही नाही. कोकणात किंवा बंदरावर चाललेली गाडी असेल तर चासीच्या लांब पट्ट्यांवर हातोडी मारून बघा. पापुद्रे पडत असतील तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही पडो. मग वॉशिंग सेंटरवर वीस मिनिटं छतावर पाणी मारून आत टॉर्च घेऊन बसा. आत्ता एक थेंब दिसला तर जुलैत तिथे धार लागेल.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर या कामाला घेऊ नये.

काटा

रीतसर मार्गाने सीट काढायच्या असतील तर त्या काढून, डिझेल टाकी भरून गाडी थेट वजनकाट्यावर न्या. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची. आरसीवरच्या एकूण वजनातून पूर्ण गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा खरा वाव. यातून आधी माणसं वजा करा: चार माणसं म्हणजे २८० किलो. मग ८० लिटर पाण्याचे ८०, कपडे-भांडी-किराणा १००, बॅटरी-इन्व्हर्टर-पॅनेल मिळून ६० ते ७०, फ्रिज १५, गॅस आणि शेगडी १५. फर्निचर, जमीन, इन्सुलेशन यांना २०० किलोंच्या वर जाऊ द्यायचं नाही.

हा आकडा घरच्या सुताराला समजत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट साधारण ३७ किलो भरते. किचन-वॉर्डरोबच्या सवयीने त्याने आठ शीट लावल्या की वर सनमायका धरून तीनशे किलो झाले. फर्निचरला ९ मिलिमीटर प्लाय (शीटला १९ किलो) आणि आतून ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सांगाडा पुरतो. छताला आणि भिंतींना ३ मिलिमीटर एसीपी शीट, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तीच. ओट्याला ग्रॅनाइट लावायचा मोह अनेकांना होतो. लावू नका.

जड वस्तू मागच्या एक्सलच्या आसपास आणि खाली ठेवा. पाण्याची टाकी डाव्या कमानीशी असेल तर बॅटरी उजव्या. दोन्ही एकाच बाजूला गेल्या की गाडी कायम कलती उभी राहते आणि पाट्यांवर खापर फुटतं.

पत्रा, भोकं आणि गळती

गंजलेला भाग ग्राइंडरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा, १८ गेज पत्र्याचा तुकडा वेल्ड करा, इपॉक्सी प्रायमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग, आणि बंद पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. कॉमन रेल इंजिनाची गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही. वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या वीतभर जवळ लावा, दुसऱ्या टोकाला नको. मधल्या बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून करंट जातो.

रीतसर मार्गाने जात असाल आणि छतात पंखा बसवायचा असेल तर प्रचलित माप १४ बाय १४ इंच. छताच्या दोन आडव्या कमानींच्या मधे जागा धरा, कमान कापू नका. मास्किंग टेपवर आखा, चार कोपऱ्यांत ड्रिल, मग जिगसॉ. कापताना खाली जुनी चादर बांधा; लोखंडाचा कीस छतावर राहिला तर पहिल्याच पावसात प्रत्येक कणाभोवती तांबडा ठिपका उठतो. कापलेल्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय पंखा बसवायचा नाही. सीलंट पीयूच वापरा. हार्डवेअरवाला सिलिकॉनची नळी पुढे करतो, कारण ती स्वस्त आणि बाथरूमला चालते. गाडीचा पत्रा सतत हलतो, सिलिकॉन वर्षभरात कडेने सुटतो आणि त्याच्या राहिलेल्या थरावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही.

रीतसर मार्गात जमिनीत बोल्टसाठी भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून पाहा. डिझेलची आणि ब्रेकची लाइन जमिनीच्या पत्र्याला लगटूनच जाते. ड्रिलच्या बिटला १५ मिलिमीटरवर टेप गुंडाळा, एक माणूस खाली टॉर्च घेऊन ठेवा. ब्रेक पाइपला लागलेला ओरखडा त्या दिवशी गळत नाही. तो घाटात फुटतो.

इन्सुलेशन

परदेशी व्हिडिओ थंडी अडवायला शिकवतात. आपल्याला विदर्भातला मे आणि कोकणातला ऑगस्ट अडवायचा आहे. एसीच्या डक्टला लावतात ती नायट्राइल रबर शीट किंवा एक्सएलपीई फोम घ्या: छताला २५ मिलिमीटर, भिंतींना १३ ते १९. काचेचा लोकर नको, दमट हवेत पाणी धरून पत्रा आतून कुजवतो. थर्माकोल घाटात चिरचिरत राहतो. चंदेरी बबल शीट पत्र्याला चिकटवून लावली तर तिचा चंदेरीपणा वाया जातो. तिच्यासमोर हवेची फट लागते. छताला साधा कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लावलात तर मे महिन्यात तापलेल्या छताखाली तो मऊ पडतो आणि शीट झोळीसारखी लोंबते. उष्णतारोधक प्रकार मागून घ्या. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक थर बाहेरून असतो: छतावर पांढरा उष्णता-परावर्तक रंग.

जमिनीवर १० ते १३ मिलिमीटर एक्सपीएस (कडक फोमची शीट), वर १२ मिलिमीटर बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं, आणि वर बसमध्ये असतं ते व्हिनाइल. या सगळ्यात दोन्ही भिंती मिळून अडीच-तीन इंच आणि उंचीचेही दोन-अडीच इंच जातात. आडवं झोपायचं ठरवलं असेल तर माप आत्ताचं धरू नका, इन्सुलेशननंतरचं धरा. पाय दुमडून झोपायला लागणारे पलंग याच चुकीतून येतात.

वीज

वायर भिंती बंद करण्याआधी, कोरोगेटेड पाइपमधून, दोन्ही टोकांना नंबर लावून टाकायच्या. पाइप टाकून झाल्यावर प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे स्क्रू मारताना तोच फोटो वायर वाचवतो.

खर्च आधी मांडा. ४०-४५ लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॅट-तास, २५ वॅटचा पंखा दहा तास म्हणजे २५०, दिवे ८०, मोबाइल-लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप २०. बेरीज हजाराच्या आसपास. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तासांची असते आणि त्यातले हजार-अकराशे वापरता येतात: एक दिवस. पावसाळ्यातही फिरणार असाल तर २०० घ्या. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर स्वस्त पडते, पण निम्मीच वापरायची असते, पन्नास किलोच्या वर भरते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती नको. लडाख-स्पितीचा बेत असेल तर एक ध्यानात ठेवा: शून्य अंशाखाली ही लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये, त्याचा कटऑफ आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

सोलरमध्ये सर्रास होणारी चूक अशी. घरांच्या छतांवरचं ३३० वॅटचं पॅनेल स्वस्त मिळतं, ते कॅरियरवर चढतं आणि खाली पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीमधला साधा, स्वस्त चार्जर) लागतो. त्या पॅनेलचा काम करतानाचा दाब ३७ व्होल्टच्या जवळपास, करंट पावणेनऊ अँपिअर. पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचतो, करंट मात्र तेवढाच राहतो. पावणेनऊ गुणिले तेरा, म्हणजे जेमतेम ११५ वॅट. बाकीचे दोनशेच्या वर वॅट वाया. पॅनेलचा जास्तीचा दाब करंटमध्ये बदलून देणारा एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, १०० व्होल्ट ३० अँपिअरचा. ४०० वॅटचं पॅनेल सपाट ठेवून, ऊन-धूळ-उष्णता धरून, कोरड्या दिवसांत बाराशे वॅट-तासांच्या आसपास देतं. पावसाळ्यात तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. पॅनेलखाली दोन इंच फट ठेवा आणि क्लॅम्प कॅरियरला लावा, छताला भोकं नकोत.

चालत्या गाडीतून चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, थेट लिथियमला जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जळतो, तोही गाडी हळू चालत असताना, जेव्हा त्याचा पंखा पुरेसा फिरत नसतो.

वायरची जाडी अंदाजाने ठरवू नका. करंट गुणिले जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम: उत्तर येतं ते वाटेत गेलेले व्होल्ट. फ्रिज सहा मीटरवर असेल, चालू होताना १० अँपिअर खेचत असेल आणि इलेक्ट्रिशियनने घरात टाकतात ती दीड एमएम टाकली असेल, तर १० × १२ × ०.०१७५ ÷ १.५ म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच गेले. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि दुकानदार फ्रिज बदलून देतो. बदलायची असते वायर. ४ एमएमला हीच घट अर्ध्या व्होल्टवर येते. डीसी-डीसी चार्जरला १६ एमएम. एक हजार वॅटच्या प्युअर साइन इन्व्हर्टरला बॅटरीकडून शंभर अँपिअर लागतात: ३५ एमएम, लांबी मीटरच्या आत. यावर मिक्सर चालतो. इंडक्शनचा नाद सोडा.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत. इन्व्हर्टरच्या लाइनला १५० अँपिअरचा. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरवरून ठरतो. वायरच्या टोकाचे लग (तांब्याच्या कड्या) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा. पक्कडीने दाबलेला लग मल्टिमीटरला ठीक दिसतो आणि शंभर अँपिअरवर तापतो.

छतावरच्या एसीबद्दल नेहमी विचारलं जातं. १२ व्होल्टचा एसी पन्नास-साठ अँपिअर पितो. २०० ची बॅटरी तीन-चार तासांत झोपते. सावलीत गाडी लावणं, छताचा पंखा बाहेर हवा फेकणारा आणि समोरच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी, यावर भागवा. खिडक्यांना वेल्क्रोची मच्छरजाळी हवीच, नाहीतर खिडकी उघडीच राहणार नाही.

पाणी आणि गॅस

पंप म्हणून शेतीच्या बॅटरी-फवारणी पंपातली १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर उत्तम. मिनिटाला तीन-चार लिटर देते, प्रेशर स्विच आतच असतो आणि बिघडली तर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात दुसरी मिळते. कोरी करकरीत घ्या. वापरलेल्या पंपाला कीटकनाशक लागलेलं असतं, ते धुऊन जात नाही. हे पाणी भांडी आणि अंघोळीला. प्यायचं पाणी २० लिटरच्या वेगळ्या जारमध्ये. सांडपाण्याला ४० लिटरची टाकी खाली. ती घाटात किंवा ओढ्याशेजारी उघडायची नाही.

गॅस ५ किलोचा, उभा, बोल्टने आवळलेल्या बंद कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं दोन इंचांचं भोक, सायलेन्सर आणि बॅटरी दोन्हींपासून लांब. गळतीचा अलार्मही घोट्याच्या उंचीवर लावा. सुट्या सामानाच्या मार्गात हे भोक पाडता येत नाही, तेव्हा शेगडी गाडीबाहेर टेबलावर मांडायची आणि सिलिंडरही मुक्कामावर बाहेरच ठेवायचा. दोन किलोचं एबीसी अग्निशामक दाराजवळ हवं, ओट्याखाली नको. आग ओट्यावरच लागते.

फर्निचर आणि पहिला घाट

सेल्फ-टॅपिंग स्क्रू पत्र्यात धरत नाहीत, हजार किलोमीटरमध्ये सैल होतात. रीतसर मार्गात खांबांत एम-६ रिव्हनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवा आणि नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारे, नट वापरा. दारांना चुंबक नको, दाबून उघडणारी कडी हवी. कसाऱ्याच्या पहिल्या वळणावर चुंबकाची दारं उघडून डाळ-तांदूळ जमिनीवर येतात. चालत्या गाडीत माणसं फक्त मूळ सीटवर, बेल्ट लावून. आडव्या बाकावर कुणी नाही.

टाक्या भरून, माणसं बसवून पुन्हा काट्यावर जा आणि मागच्या एक्सलचा आकडा आधीच्या चिठ्ठीशी ताडा. मग एखादा खरा घाट उतरा, माळशेज किंवा आंबोली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. खाली उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तो ब्रेक चिकटतोय. पाचशे किलोमीटरनंतर सगळे रिव्हनट, बॅटरीचे लग आणि पॅनेलचे क्लॅम्प पान्याने पुन्हा आवळा. काट्याची दुसरी चिठ्ठी आरसीसोबत ठेवा. नाक्यावर गाडीचं वजन विचारलं, तर तीच पुढे करायची असते.